स्पार्टा: समानांची आटत गेलेली नगरी

इ.स.पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सिस ग्रीसवर चालून आला, तेव्हा त्याच्या लवाजम्यात स्पार्टाचा एक पदच्युत राजा होता. त्याचे नाव डेमॅरेटस. तुमच्या गावात लढणारे पुरुष किती, असे सम्राटाने त्याला विचारले. त्याने दिलेला आकडा हिरोडोटसने नोंदवून ठेवला आहे: सुमारे ८,०००. पुढच्याच वर्षी प्लाटीआच्या मैदानावर त्यांतले ५,००० उभे राहिले. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्रा येथे स्पार्टाच्या सहा पथकांपैकी चार पथके लढायला गेली. त्यांत पूर्ण हक्काचे नागरिक होते अवघे ७००, आणि त्यांतले ४०० त्या एका दिवसात पडले. पुढे ॲरिस्टॉटलने लिहिले, की या राज्यात नागरिकांची संख्या हजारही भरत नव्हती. इ.स.पू. २४४ च्या सुमारास चौथा एजिस हा तरुण गादीवर आला, तेव्हा प्लुटार्कच्या सांगण्यानुसार जुन्या घराण्यांतले पुरुष ७०० च्या वर नव्हते, आणि जमीनजुमला सांभाळून असलेले जेमतेम १००.

या पुस्तकाचा विषय म्हणजे ही उतरती भाजणी. आकडे इतके घसरले तेव्हा स्पार्टाच्या खोऱ्यात लोकसंख्याच उरली नव्हती असे कोणी समजेल. तसे नव्हते. ॲरिस्टॉटलचाच हिशेब असा, की या राज्याच्या जमिनीवर १,५०० घोडेस्वार आणि ३०,००० चिलखती पायदळ सहज पोसले गेले असते. शेते पिकत होती, गावे भरलेली होती, बाजार चालू होता. आटले होते ते नागरिक. राज्याच्या हद्दीत राहणाऱ्यांपैकी 'आपला' म्हणून मोजला जाणारा माणूस दर पिढीत कमी होत गेला. कोणा शत्रूने ही घट लादली नव्हती. स्पार्टाला ज्या व्यवस्थेने मोठे केले, तिनेच ही घट घडवली. उदयाची कारणे वेगळी आणि ऱ्हासाची वेगळी अशी सोयीची वाटणी स्पार्टाच्या बाबतीत करता येत नाही. हेच या पुस्तकाचे मुख्य म्हणणे आहे.

मराठी वाचकाला स्पार्टा मुख्यतः थर्मोपिलीमुळे माहीत असते. लिओनिडास राजा, त्याचे ३०० सोबती, अरुंद वाट आणि अखेरच्या माणसापर्यंत दिलेली झुंज. आपल्याकडे हा प्रसंग निघाला की १६६० मधली पावनखिंड आणि बाजीप्रभू देशपांडे यांची आठवण निघतेच, आणि ते स्वाभाविक आहे. पण या आठवणीमुळे स्पार्टा म्हणजे तो एक दिवस असा समज पक्का होतो. त्या दिवशीही ३०० जण एकटे नव्हते. थेस्पिया या छोट्या नगरीचे ७०० लोक स्वेच्छेने मागे राहिले आणि मेले. स्पार्टनांच्या सेवेला आलेले हेलॉट, म्हणजे त्यांचे बांधील कष्टकरी, त्याच मातीत पडले. स्मारकात आणि गोष्टीत मात्र ३०० चाच आकडा राहिला. कोणाला मोजायचे आणि कोणाला नाही, हा प्रश्न स्पार्टाच्या इतिहासात असा पहिल्यापासून उभा आहे.

स्पार्टाबद्दल लिहिण्यातली पहिली अडचण साधनांची. या नगरीने स्वतःचा इतिहासकार निर्माण केला नाही. जे कळते ते बहुतेक परक्यांकडून. हिरोडोटस आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचा. थ्यूसिडिडीस अथेन्सचा, तोही स्पार्टाविरुद्धच्या युद्धात सेनापती राहिलेला. स्पार्टाच्या कारभारातल्या गुप्ततेमुळे सैन्याची खरी संख्या कळत नाही, अशी तक्रार त्याने स्वतः केली आहे. झेनोफनही अथेन्सचा, पण तो राजा अजेसिलॉसचा स्नेही. स्पार्टाने दिलेल्या जमिनीवर तो अनेक वर्षे राहिला. ॲरिस्टॉटलने स्पार्टाच्या घटनेची चिकित्सा केली ती तिचा पराभव झाल्यानंतर. आणि ज्याच्या गोष्टींनी स्पार्टाचे चित्र जगाच्या डोळ्यांपुढे ठसले, तो प्लुटार्क इ.स. पहिल्या-दुसऱ्या शतकातला, म्हणजे लिओनिडासनंतर साडेपाचशेहून अधिक वर्षांनी लिहिणारा. स्पार्टाचे सारे कायदे ज्याच्या नावावर आहेत त्या लायकर्गसचे चरित्र प्लुटार्कने लिहिले, आणि सुरुवातीलाच सांगून टाकले की या माणसाविषयी निर्विवाद असे काहीच सांगता येत नाही. फ्रेंच अभ्यासक फ्रान्स्वा ऑलिये यांनी १९३३ मध्ये या साऱ्या परंपरेला 'स्पार्टाचे मृगजळ' म्हटले. ते नाव टिकले, कारण ते योग्य होते.

सुदैवाने जमिनीखाली दुसरी साक्ष होती. १९०६ ते १९१० या काळात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी युरोटस नदीकाठच्या आर्टेमिस ऑर्थिया देवीच्या स्थानाचे उत्खनन केले. तिथे हस्तिदंती कोरीवकाम, मातीचे मुखवटे आणि नवसाला वाहिलेल्या शिशाच्या चिमुकल्या मूर्ती एक लाखाहून जास्त सापडल्या. इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकांतला स्पार्टा कलाहीन, रुक्ष छावणी नव्हता, हे त्यातून उघड झाले. अल्कमन हा कवी तिथल्या मुलींच्या गायनवृंदांसाठी रचना करत होता. लॅकोनियाची, म्हणजे स्पार्टाच्या प्रदेशाची, चित्रित भांडी आणि ब्राँझकाम परदेशी जात होते. रुक्षपणा नंतर आला, आणि तो का आला याचे उत्तर डोंगरापलीकडे आहे.

पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या दक्षिणेला युरोटसचे खोरे आहे. पश्चिमेला टेगेटसची सुमारे २,४०० मीटर उंचीची भिंत, पूर्वेला पार्नन पर्वत. समुद्र जवळ असला तरी नगरी आत वसलेली, बंदर गिथिऑन दूर दक्षिणेला. पिटाना, मेसोआ, लिम्नाय आणि किनोसुरा या चार वस्त्या आणि थोड्या अंतरावरचे अमिक्ली मिळून स्पार्टा होत असे. तटबंदी नव्हती, भव्य इमारती नव्हत्या. इतर ग्रीक नगरींना माणसे वाढली आणि शेते कमी पडू लागली, तेव्हा त्यांनी जहाजे भरून सिसिली, इटली, काळ्या समुद्राकडे वसाहती पाठवल्या. स्पार्टानेही तारास ही एक वसाहत वसवली, पण तिचा मुख्य मार्ग वेगळा होता. इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीस तिचे सैन्य टेगेटस ओलांडून मेसेनियाच्या सुपीक मैदानात उतरले आणि तिथेच राहिले. पुढच्या शतकात मेसेनियन लोकांनी बंड केले. ते मोडायला दीर्घ आणि अवघड युद्ध करावे लागले. टायर्टिअस या कवीची युद्धगीते त्याच काळातली. जिंकलेले लोक हेलॉट झाले: जमिनीला बांधलेले, अर्धेलीने पिकवून निम्मे उत्पन्न मालकाच्या घरी पोचवणारे, आणि तरीही आपले गाव, आपले देव, आपली भाषा जपणारे एक अखंड ग्रीक जनसमूह.

ही शेवटची बाब निर्णायक ठरली. अथेन्सचे गुलाम निरनिराळ्या देशांतून विकत आणलेले. त्यांना एकमेकांची बोली समजत नसे. मेसेनियाचे हेलॉट एका भूमीचे, एका आठवणीचे लोक होते आणि ते मालकांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक होते. मूठभर लोकांनी शेजारचा अख्खा प्रांत कायमचा दावणीला बांधायचा, तर त्या मूठभरांना आयुष्यभर शस्त्र खाली ठेवता येत नाही. स्पार्टाची सारी प्रसिद्ध शिस्त या गरजेतून आली.

ती व्यवस्था थोडक्यात अशी. प्रत्येक नागरिकाकडे हेलॉटांनी कसलेली जमीन. त्याने स्वतः नांगर धरायचा नाही, धंदा करायचा नाही. काम एकच, लढाई आणि तिची तयारी. व्यापार व कारागिरी आजूबाजूच्या गावांतल्या पेरिओकी या मुक्त, पण राजकीय हक्क नसलेल्या लोकांकडे. सातव्या वर्षी मुलगा घरातून उचलून सरकारी शिक्षणात जाई. मोठा झाल्यावर रोज संध्याकाळी सुमारे पंधरा जणांच्या पंगतीत जेवणे सक्तीचे. राजालाही यातून सूट नव्हती. पंगतीचा शिधा प्रत्येकाने दरमहा आणायचा: जव, द्राक्षमद्य, चीज, अंजीर आणि वर थोडे पैसे. एकाच पंगतीत, एकच काळा रस्सा खाणारे हे नागरिक स्वतःला 'समान' म्हणवत.

राज्यकारभारातही कोणा एकाच्या हाती सत्ता जाऊ नये अशी रचना होती. दोन घराण्यांचे दोन राजे एकाच वेळी. साठी ओलांडलेल्या २८ वृद्धांची तहहयात सभा, दोन राजे धरून ३०. दरवर्षी निवडले जाणारे पाच एफर. ते राजांवरही खटला भरू शकत. नागरिकांची सभा आरोळी ठोकून मत देई आणि बंद खोलीत बसलेले पंच कोणासाठी ओरड मोठी झाली ते ठरवत. ॲरिस्टॉटलने या पद्धतीला पोरखेळ म्हटले. पण ग्रीसमधल्या कितीतरी नगरींत हुकूमशहा आले, रक्तपात झाले, सत्तापालट झाले, तेव्हा स्पार्टाची घटना शतकानुशतके टिकून राहिली. ज्या काळात स्थैर्य ही दुर्मीळ गोष्ट होती, त्या काळातल्या विचारवंतांना स्पार्टाची भुरळ पडली तर नवल नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर स्पार्टा अपवादच. मुली धावत, कुस्ती खेळत, गात, आणि मोठ्या झाल्यावर स्वतःच्या नावावर जमीन बाळगत. अथेन्समधल्या स्त्रीला हे शक्य नव्हते. अजेसिलॉसची बहीण किनिस्का हिच्या रथाने इ.स.पू. ३९६ मध्ये ऑलिंपियाची शर्यत जिंकली आणि पुढच्या खेपेला पुन्हा जिंकली. घोडे पाळण्याइतकी संपत्ती तिची स्वतःची होती.

या सगळ्याच्या पायाखाली भीती होती. एफर पदावर येताच दरवर्षी हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे हेलॉट मारला तर खुनाचे पाप लागू नये. निवडक तरुण रात्री शेतांतून हिंडत आणि हेलॉटांतले धट्टेकट्टे गडी टिपत. अथेन्सविरुद्धच्या पेलोपोनीशियन युद्धाच्या काळातला एक प्रकार थ्यूसिडिडीसने सांगितला आहे. युद्धात ज्यांनी सर्वाधिक पराक्रम केला असे वाटते त्या हेलॉटांनी पुढे यावे, त्यांना मुक्त करू, अशी दवंडी पिटली गेली. २,००० जण निवडले गेले. हार घालून ते देवळांना प्रदक्षिणा घालून आले. थोड्याच दिवसांत ते सारे नाहीसे झाले. कसे, ते कोणालाच कळले नाही. मुक्तीची इच्छा आणि लढण्याची हिंमत ज्याच्यात आहे तोच उद्या उठेल, हा त्यामागचा हिशेब.

तरीही इ.स.पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पेलोपोनीजमधल्या बहुतेक नगरी स्पार्टाच्या छत्राखाली आल्या, आणि इराणशी लढायची वेळ आली तेव्हा सेनापतिपद कोणाकडे द्यायचे यावर फारशी चर्चा झाली नाही. प्लाटीआला ग्रीकांना जो निर्णायक विजय मिळाला तो मुख्यतः स्पार्टाच्या पायदळाचा. त्या दिवशी प्रत्येक स्पार्टनामागे सात हेलॉट होते असे हिरोडोटस सांगतो, म्हणजे ५,००० मागे ३५,०००. स्पार्टा त्या काळी शिखरावर होता, आणि हे प्रमाण त्या शिखराचेच आहे.

आता घटीकडे येऊ. समानांच्या या मंडळात शिरायला वाट जवळजवळ नव्हती. हिरोडोटसच्या माहितीप्रमाणे बाहेरच्यांपैकी फक्त दोघांना स्पार्टाचे नागरिकत्व मिळाले: टिसामेनस हा एलिसचा भविष्यवेत्ता आणि त्याचा भाऊ. ते मिळवण्यासाठी टिसामेनसने अडवून धरले होते आणि स्पार्टाला त्याच्या भाकिताची निकड होती. बाहेर पडायच्या वाटा मात्र अनेक होत्या. रणातून माघार घेतली, नागरिकत्व गेले. शिक्षण पुरे केले नाही, गेले. आणि सगळ्यांत सामान्य वाट अशी, की पंगतीचा शिधा भरता आला नाही, गेले. गरीब झालेल्या माणसाला राज्य आधार देत नसे, यादीतून वगळत असे.

गरीब होणे सोपे होते. बापाची जमीन मुलांत वाटली जाई आणि मुलींनाही तिचा भाग मिळे. चार मुले झाली तर चौघांचाही शिधा भरेल इतकी जमीन क्वचितच उरे. म्हणून सुखवस्तू घरे मुले कमी होऊ देत आणि श्रीमंताचे लग्न श्रीमंताशी लावत. जमीन काही घरांत साचत गेली. ॲरिस्टॉटलच्या काळी देशाच्या जमिनीचा सुमारे दोन-पंचमांश हिस्सा स्त्रियांच्या नावावर होता. तीन मुलांच्या बापाला लष्करी सेवा माफ, चौघांच्या बापाला सगळाच भार माफ, असा कायदा राज्याने केला. ॲरिस्टॉटलने त्यावर बोट ठेवले: जमीन तशीच विभागली जाणार असेल तर जास्त मुले म्हणजे जास्त दरिद्री. रोग वारसाहक्काचा आणि औषध संततीचे. इ.स.पू. ४६४ च्या सुमारास मोठा भूकंप झाला आणि त्यापाठोपाठ मेसेनियाचे बंड, त्यात खूप माणसे गेली हे खरे. पण अथेन्समध्ये इ.स.पू. ४३० ला साथ आली, तिने हजारोंचा बळी घेतला आणि तरी ते राज्य पुन्हा भरले. स्पार्टा भरला नाही, कारण भरण्याची सोयच त्या घटनेत नव्हती.

नागरिक किती महाग झाला होता ते इ.स.पू. ४२५ मध्ये उघडे पडले. पायलॉसजवळच्या स्फॅक्टेरिया या बेटावर अथेन्सने २९२ जणांना जिवंत पकडले. त्यांत स्पार्टन नागरिक होते सुमारे १२०. एवढ्या लोकांसाठी ग्रीसमधल्या सर्वांत दणकट लष्करी राज्याने तहाची याचना केली. थर्मोपिलीनंतर साठ वर्षेही झाली नव्हती. स्पार्टन शरण येत नाहीत ही ख्याती त्या बेटावर संपली. ती संपल्यावर राज्य शोक करत बसले नाही, सुटकेची घासाघीस करू लागले, यातच त्याची अडचण दिसते. पुढे ब्रॅसिडास या स्पार्टन सेनापतीने ७०० हेलॉटांना चिलखते घालून थ्रेसमध्ये नेले आणि उत्तम लढवले. परतल्यावर त्यांना मुक्त केले गेले. समान कोणी केले नाही. अशा मुक्त हेलॉटांची पथके पुढे वाढतच गेली. त्यांच्या भाल्यांवर स्पार्टाने साम्राज्य चालवले आणि त्यांना आपल्या पंगतीत मात्र बसू दिले नाही.

इ.स.पू. ४०४ मध्ये इराणच्या पैशावर उभारलेल्या आरमाराच्या जोरावर स्पार्टाचा सेनापती लायसँडर याने अथेन्सला गुडघ्यावर आणले. बासरीच्या सुरांत अथेन्सच्या लांब तटभिंती पाडल्या गेल्या. स्पार्टाच्या हाती आता अख्खा ग्रीस आणि खंडणीची चांदी आली. प्राचीन लेखकांना वाटे की या चांदीनेच स्पार्टा बिघडला. प्लुटार्कचा सगळा रोख तोच. पुस्तकात या मताचा तपशिलात परामर्श घेतला आहे. चांदीने वेग वाढवला, हे मान्य. पण दिशा आधीच ठरलेली होती. विजयानंतर पाच-सहा वर्षांतच सिनॅडॉन नावाच्या तरुणाचा कट पकडला गेला. तो हुशार आणि धाडसी होता, पण समानांपैकी नव्हता. खबऱ्याने एफरांना सांगितले: सिनॅडॉनने मला बाजारपेठेच्या कडेला नेले आणि स्पार्टन मोजायला लावले. राजा, एफर, वृद्ध आणि इतर धरून चाळीसएक भरले. हे तुझे शत्रू, तो म्हणाला, आणि बाकीचे चार हजारांहून जास्त तुझे मित्र. हेलॉट, मुक्त हेलॉट, हलक्या दर्जाचे नागरिक आणि पेरिओकी या सगळ्यांना स्पार्टनांना कच्चे खावेसे वाटते, असेही तो म्हणाला होता. झेनोफन स्पार्टाचा मित्र. हे त्याने लिहून ठेवले, म्हणून त्याला वजन आहे. कट का केलास, या प्रश्नावर सिनॅडॉनचे उत्तर होते, स्पार्टात कोणाहूनही कमी असू नये म्हणून. समानतेची भूक स्पार्टानेच लावली होती.

त्यानंतरची तीस वर्षे राज्याने आपल्या ताकदीबाहेरची हाव धरली. इ.स.पू. ३८२ मध्ये शांतता असताना थीब्जचा बालेकिल्ला बळकावला. थीब्जच्या लोकांनी तो परत घेतला आणि ल्यूक्ट्राला त्यांचा सेनापती एपॅमिनॉन्डस याने आपल्या डाव्या बाजूला ५० ओळींची खोल रांग उभी करून थेट स्पार्टनांवर घातली. राजा क्लिऑम्ब्रोटस पडला. बातमी पोचली तेव्हा स्पार्टात उत्सव चालू होता. एफरांनी तो थांबवला नाही. दुसऱ्या दिवशी मेलेल्यांचे नातलग प्रसन्न चेहऱ्याने बाहेर दिसले, वाचलेल्यांचे तोंड लपवत होते, असे झेनोफन सांगतो. शिस्त अजून शाबूत होती. पण कायद्याप्रमाणे पळालेल्या सगळ्यांचे हक्क काढायचे, तर राज्यच उरेना. तेव्हा अजेसिलॉसने निवाडा दिला, की आजच्या दिवशी कायद्याला झोपू द्यावे.

त्याच हिवाळ्यात नव्हे, पुढच्या हिवाळ्यात, इ.स.पू. ३७०-३६९ ला, थीब्जचे सैन्य लॅकोनियात शिरले. शत्रूच्या छावणीचा धूर स्पार्टाच्या बायकांनी तोवर कधी पाहिला नव्हता. नगरीच्या रक्षणासाठी जे हेलॉट शस्त्र घेतील त्यांना मुक्त करू, अशी घोषणा झाली आणि ६,००० हून अधिक जण नाव नोंदवायला आले. एवढी संख्या पाहून स्पार्टन मंडळीच घाबरली. एपॅमिनॉन्डसने टेगेटसपलीकडे मेसेनियन लोकांची स्वतंत्र नगरी उभी करून दिली. मेसेनीची ती दगडी तटबंदी आजही बऱ्याच भागात उभी आहे. सुमारे साडेतीनशे वर्षांचे मालकीपण एका मोहिमेत संपले आणि त्याबरोबर कितीतरी नागरिकांचा शिधाही. अजेसिलॉसने ऐंशी ओलांडल्यावर इजिप्तमध्ये भाडोत्री सेनापती म्हणून नोकरी केली, ती राज्याच्या तिजोरीसाठी.

यापुढचा भाग सहसा दोन ओळींत आटोपला जातो. या पुस्तकात त्याला जागा जास्त दिली आहे, कारण व्यवस्था बदलण्याचे खरे प्रयत्न तेव्हाच झाले. चौथ्या एजिसने कर्जे रद्द केली. गहाणखते बाजारात आणून जाळली गेली. पुढची पायरी होती जमिनीची फेरवाटणी: ४,५०० वाटे स्पार्टनांना, १५,००० पेरिओकींना. पेरिओकींतून आणि परक्यांतूनही योग्य माणसे निवडून समानांत घ्यायची होती. कर्जात बुडालेले जमीनदार पहिल्या पायरीपर्यंत सोबत राहिले आणि दुसरी अडवून बसले. इ.स.पू. २४१ मध्ये एजिसला, त्याच्या आईला आणि आजीला फासावर चढवले गेले. तिसऱ्या क्लिओमेनिसने तोच कार्यक्रम तलवारीने रेटला: एफरांची हत्या केली, जमीन वाटली, ४,००० चिलखती सैनिक उभे केले. ते काही वर्षे विजयी होत राहिले. इ.स.पू. २२२ मध्ये सेलॅशिया येथे मॅसिडोनियाच्या अँटिगोनसने त्यांना चिरडले आणि स्पार्टात परका विजेता प्रथमच शिरला. नाबिस हा शेवटचा स्वतंत्र राज्यकर्ता. त्याने हेलॉटांना मुक्त करून नागरिक केले, नगरीला तट बांधला. शत्रूंनी त्याला जुलमी म्हणून रंगवले. इ.स.पू. १९२ मध्ये त्याचा खून झाला आणि स्पार्टा अकीअन संघात ओढला गेला. इ.स.पू. १४६ पासून ग्रीसवर रोमचे वर्चस्व आले.

रोमन काळातला स्पार्टा स्वतःच्या भूतकाळावर जगला. ऑर्थियाच्या वेदीपाशी मुलांना फटके मारण्याचा विधी पाहायला लांबून लोक येत. इ.स. तिसऱ्या शतकात प्रेक्षकांच्या सोयीसाठी तिथे अर्धवर्तुळाकार बैठकी बांधल्या गेल्या. राज्य गेल्यावर राहिलेला हा देखावाच पुढच्या युरोपच्या हाती आला. रूसोला त्यात नागरिकांचे सद्गुण दिसले. विसाव्या शतकात हिटलरला त्यात वंशशुद्धीचा आदर्श दिसला. आजच्या व्यायामशाळा आणि चित्रपट यांना त्यात पिळदार शरीरे दिसतात. या सगळ्यांनी मेसेनियाकडे पाठ फिरवूनच स्पार्टा पाहिला.

पुस्तकाचे भाग चार. पहिल्यात मेसेनिया जिंकेपर्यंतचा काळ आणि तेव्हाचा स्पार्टा. दुसऱ्यात घटना, शिक्षण, पंगती, स्त्रिया, पेरिओकी आणि हेलॉट. तिसऱ्यात इराणी युद्धांपासून ल्यूक्ट्रापर्यंतचे राजकारण. चौथ्यात सुधारक राजे, रोमन काळ आणि नंतरची कीर्ती. लढायांचे तपशील हवे तेवढेच आहेत. जमीन, वारसा आणि नागरिकत्व यांचे तपशील कदाचित वाचकाला अपेक्षेपेक्षा जास्त वाटतील. ती निवड मुद्दाम केली आहे.

नागरिकत्व उघडता आले असते का, असा प्रश्न वाचताना मनात येईल. इतरत्र ते उघडले जात होते. इ.स.पू. २१४ मध्ये मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याने थेसलीतल्या लारिसा या नगरीला पत्र लिहिले. ते दगडावर कोरलेले सापडले आहे. नवे नागरिक घ्या, असे तो बजावतो आणि उदाहरण देतो ते आपल्या शत्रूचे, रोमचे: रोमन लोक मुक्त केलेल्या गुलामांनाही नागरिक करतात, म्हणून त्यांची नगरी एवढी वाढली. स्पार्टाला हे उमगण्याइतके शहाणपण नव्हते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अडचण हिताची होती. यादीतून एक नाव गेले की त्याची जमीन उरलेल्यांपैकी कोणाच्या तरी पदरात पडे. बदलाचा निर्णय ज्यांनी घ्यायचा, त्यांना न बदलण्याचा लाभ मिळत होता. शिवाय एका हेलॉटाला समान मानले, तर बाकीच्यांना कोणत्या न्यायाने खाली ठेवायचे, याला उत्तर नव्हते.

स्पार्टाचे सारे कायदे युद्ध या एकाच गुणाकडे बघून केलेले आहेत, अशी ॲरिस्टॉटलची टीका. लढाई होती तोवर ते राज्य तगले. सत्ता आल्यावर शांततेत कसे जगायचे हे ठाऊक नसल्याने पडले, असे तो म्हणतो. टीका बरोबर आहे, पण ती स्पार्टाला त्याच्या स्वतःच्या कसोटीवर उत्तीर्ण करून टाकते. ते श्रेयही देता येत नाही. युद्धासाठीच बांधलेल्या या राज्याला अखेरीस सैनिक पुरले नाहीत, आणि ज्या हिवाळ्यात ते उघड झाले त्याच हिवाळ्यात त्याच्या शेतांतून ६,००० माणसे शस्त्र मागायला दारात आली होती. ती माणसे पिढ्यान् पिढ्या तिथेच होती.